डरहॅमच्या खाणकामगारांची लीग

१९५४ च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर एक लाख माणसे एक फुटबॉल सामना पाहण्यासाठी जमली होती. मैदानात आर्सेनल नव्हते, मँचेस्टर युनायटेडही नव्हते. इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, डरहॅम परगण्यात, एकमेकांपासून जेमतेम पाच-सहा मैलांवर वसलेल्या क्रूक आणि बिशप ऑकलंड या दोन गावांचे ते संघ होते. आणि त्यांतील एकाही खेळाडूला खेळण्याबद्दल, निदान कागदोपत्री तरी, एक छदामही मिळत नव्हता. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. न्यूकॅसलला फेरसामना झाला, तोही २-२ असाच सुटला. मिडल्सबरो येथे तिसऱ्यांदा गाठ पडली तेव्हा कोठे क्रूक टाउनने १-० अशी बाजी मारून अमॅच्युअर कप, म्हणजे हौशी संघांचा राष्ट्रीय चषक, घरी नेला. तिन्ही सामन्यांची प्रेक्षकसंख्या मिळून दोन लाखांच्या जवळपास गेली होती.

हे दोन्ही संघ नॉर्दर्न लीगचे. इंग्लंडमध्ये १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन झाली, ती जगातली पहिली फुटबॉल साखळी स्पर्धा. तिच्या पाठोपाठ १८८९ साली सुरू झालेली नॉर्दर्न लीग ही आजतागायत टिकून राहिलेल्या लीगांमध्ये वयाने दुसरी. वयाचा हा मान आणि आजचे स्थान यांत मात्र मोठे अंतर आहे. इंग्लिश फुटबॉलची आज जी उतरंड आहे, तिच्यात नॉर्दर्न लीगचा वरचा विभाग नवव्या थरावर आणि खालचा दहाव्या थरावर येतो. ज्या लीगच्या दोन संघांनी वेम्ब्ली भरवून दाखविली, ती इतकी खाली कशी गेली? खेळाडू निकृष्ट झाले, एवढे सांगून हा प्रश्न सुटत नाही. त्याचे उत्तर हौशीपणाच्या इंग्लिश कल्पनेत आहे, कोळशाच्या खाणींत आहे आणि काही अंशी या लीगच्या स्वतःच्या मानी स्वभावातही आहे.

प्रारंभी ही लीग हौशी आणि धंदेवाईक अशा दोन्ही प्रकारच्या संघांची होती. फुटबॉल असोसिएशनने १८८५ साली खेळाडूंना वेतन देण्यास मान्यता दिली होती आणि उत्तरेकडील गिरणगावांतून पैसे घेऊन खेळणारे संघ उघडपणे पुढे येत होते. डार्लिंग्टन, स्टॉकटन, मिडल्सबरो, न्यूकॅसल अशा शहरांतील संघ या लीगमध्ये एकत्र आले. पहिले विजेतेपद डार्लिंग्टनच्याच सेंट ऑगस्टीन्स या संघाने मिळविले. परंतु ज्यांच्या पाठीशी मोठी वस्ती आणि मोठा पैसा होता, ते संघ फार काळ येथे रमले नाहीत. न्यूकॅसल १८९३ साली फुटबॉल लीगमध्ये गेले. मिडल्सबरोने १८९५ आणि १८९८ असा दोनदा हौशी चषक जिंकला आणि दुसऱ्या विजयानंतर वर्षभरातच हौशीपणाला रामराम ठोकून तीच वाट धरली. मागे उरली ती खाणींच्या आणि लोखंडाच्या भट्ट्यांच्या आधाराने वाढलेली लहान गावे : बिशप ऑकलंड, क्रूक, विलिंग्टन, टो लॉ, वेस्ट ऑकलंड. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नॉर्दर्न लीग पूर्णतः हौशी झाली, ती या गावांच्या बळावर.

'हौशी' हा शब्द येथे जरा तपासून घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये त्या काळी हौशी खेळाडू दोन प्रकारचे होते आणि दोघांना एकच नाव असले तरी त्यांच्या जगण्यात जमीन-अस्मानाचे अंतर होते. एक वर्ग पब्लिक स्कूल आणि ऑक्सफर्ड-केंब्रिज येथे शिकलेल्या सद्गृहस्थांचा. १८८२ साली स्थापन झालेला कॉरिंथियन हा संघ या वर्गाचा मुकुटमणी. सद्गृहस्थ जाणूनबुजून आगळीक करीलच कशी, असे मानून हे लोक पेनल्टी किकचा नियमच अपमानास्पद समजत, असे सांगितले जाते. धंदेवाईक खेळाडूंच्या पंक्तीला बसणे नको म्हणून १९०७ साली या मंडळींनी वेगळी संघटना काढली आणि १९१४ पर्यंत ती वेगळी चूलही चालविली. दक्षिणेत १९०५ साली निघालेल्या इस्थमियन लीगने तर 'सन्मान पुरेसा आहे' अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य घेतले आणि विजेत्याला ना चषक दिला ना पदक.

सन्मान पुरेसा आहे, हे म्हणायला घरी पुरेसे असावे लागते. डरहॅमच्या खाणीत आठवडाभर जमिनीखाली कोळसा फोडून शनिवारी दुपारी मैदानात उतरणारा माणूस हा दुसऱ्या प्रकारचा हौशी होता. सामन्यासाठी दूर जायचे तर त्याचा रोज बुडे. बुडालेल्या रोजाची भरपाई द्यावी की नाही, एवढ्याच प्रश्नावरून १८९५ साली रग्बीचे उत्तरेकडील संघ मूळ संघटनेतून फुटून निघाले होते. म्हणजे हौशीपणाचा नियम वरकरणी सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नव्हता. नॉर्दर्न लीगचे वैशिष्ट्य असे, की तिने सद्गृहस्थांचा नियम स्वीकारला आणि तो मजुरांच्या गावांत चालवून दाखविला.

या दोन जगांची सरमिसळ बिशप ऑकलंडच्या कपड्यांवरच दिसते. डरहॅमच्या बिशपचे निवासस्थान या गावी होते. तेथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेण्यासाठी आलेल्या ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावात फुटबॉल रुजविला आणि त्या विद्यापीठांचे गडद व फिके निळे रंग संघाच्या अंगावर कायमचे राहिले. विद्यार्थी निघून गेले, संघ गावाचा झाला. पुढे १९५१ साली वेम्ब्लीवर याच बिशप ऑकलंडची गाठ ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी मिळून काढलेल्या पेगासस या संघाशी पडली. तेव्हाही एक लाख लोक आले होते. विद्यार्थ्यांनी २-१ असा विजय मिळविला. योगायोग मोठा विलक्षण, पण डरहॅमकडून आलेल्या प्रेक्षकांना त्यातील गंमत त्या दिवशी तरी जाणवली नसावी.

या गावांच्या पराक्रमाची सर्वांत नवलाची कथा वेस्ट ऑकलंडची आहे. चहाच्या व्यापारातून कोट्यधीश झालेल्या सर टॉमस लिप्टन यांनी १९०९ साली इटलीतील ट्यूरिन येथे होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी एक भव्य चषक दिला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने संघ पाठविण्यास नकार दिला. मग निमंत्रण गेले वेस्ट ऑकलंड या खाणकामगारांच्या संघाला. आमंत्रण खरे म्हणजे वुलिच आर्सेनलला द्यायचे होते आणि आद्याक्षरांच्या साम्यामुळे पत्र चुकले, ही दंतकथा तेव्हापासून चालत आली आहे. ती खरी असण्यापेक्षा लोकांना आवडणारी आहे, एवढेच म्हणता येईल. कसे का असेना, हे खाणकामगार ट्यूरिनला गेले, स्टुटगार्टला हरवून अंतिम सामन्यात पोहोचले आणि विंटरथूर या स्विस संघाला २-० असे नमवून चषक घेऊन आले. १९११ साली ते तो राखण्यासाठी पुन्हा गेले आणि अंतिम सामन्यात त्यांनी युव्हेंटसचा ६-१ असा पराभव केला. चषक कायमचा त्यांचा झाला. पण प्रवासाच्या खर्चाने संघ इतका कर्जात बुडाला, की तो चषक गावातल्या हॉटेलच्या मालकिणीकडे ४० पौंडांना गहाण टाकावा लागला. १९६० साली गावकऱ्यांनी १०० पौंड देऊन तो सोडविला. १९९४ च्या जानेवारीत चोरांनी तो कामगारांच्या क्लबातून पळविला. आज तेथे आहे ती प्रतिकृती.

त्या १९०९ च्या संघात क्रूकचा जॅक ग्रीनवेल हा खाणकामगार पाहुणा म्हणून खेळला होता. १९१२ साली तो बार्सिलोनाकडून खेळावयास गेला, १९१७ साली त्याच संघाचा प्रशिक्षक झाला आणि पुढची सहा वर्षे त्याने ते काम केले. त्याच ओळखीतून क्रूकचा संघही बार्सिलोनाला जाऊन खेळून आला. ग्रीनवेल पुढे दक्षिण अमेरिकेत गेला. १९३९ साली पेरूने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळविले तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. त्या खंडाबाहेरच्या दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाला हा मान आजवर मिळालेला नाही. बार्सिलोनाच्या खेळाचे आज जगभर पोवाडे गायिले जातात. त्यांत डरहॅमच्या एका खाणकामगाराचे नाव क्वचितच ऐकू येते.

अर्थात या हौशीपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र खोटे ठरेल. चांगला खेळाडू गावात टिकवायचा असेल तर त्याला काही ना काही द्यावे लागे, आणि देणे तर निषिद्ध. मग सामना संपल्यावर खेळाडूच्या बुटात गुपचूप नाणी सापडू लागली. प्रवासखर्चाचे आकडे फुगू लागले. चहापाण्याचे बिल मेजवानीएवढे होऊ लागले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस एका संघाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या तक्रारीतून चौकशी उद्भवली आणि डरहॅम परगण्यातील तीनशेहून अधिक खेळाडूंवर कारवाई झाली. इतके खेळाडू एकदम दोषी ठरतात तेव्हा दोष माणसांचा मानायचा की नियमाचा? फुटबॉल असोसिएशनने तो माणसांचा मानला आणि नियम आणखी जवळजवळ पन्नास वर्षे तसाच ठेवला. नाव एका कचेरीच्या हजेरीपटावर आणि काम मैदानावर, हा प्रकार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना या सोंगाची ओळख करून देण्याची गरज नाही.

तरीही १९५० ते १९५७ हा काळ या लीगच्या वैभवाचा होता. १९५० साली हौशी चषकाच्या अंतिम सामन्यात विलिंग्टन या खेड्याने बिशप ऑकलंडला ४-० असे हरविले. म्हणजे चार वर्षांच्या अंतराने दोनदा वेम्ब्लीवर दोन्ही बाजूंनी डरहॅमच होते. १९५०, १९५१ आणि १९५४ असे तीन अंतिम सामने गमावल्यावर बिशप ऑकलंडने १९५५, १९५६ आणि १९५७ असा सलग तीन वर्षे चषक जिंकला. एकूण दहा वेळा हा चषक त्यांच्याकडे आला; दुसऱ्या कोणत्याही संघाला ते साधले नाही. १९५५ च्या जानेवारीत त्यांनी एफ. ए. कपमध्ये इप्सविच टाउन या धंदेवाईक संघाला प्रथम बरोबरीत रोखले आणि फेरसामन्यात ३-० असे हरविले.

या संघातील माणसे पाहिली म्हणजे त्या जगाची कल्पना येते. शेमस ओकॉनेल हा गुरांचा व्यापारी. १९५४-५५ च्या हंगामात तो हौशी म्हणूनच चेल्सीकडूनही खेळला. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने तीन गोल केले, आणि चेल्सी तो सामना ५-६ असा हरले. त्या वर्षी चेल्सीने इंग्लंडचे अजिंक्यपद मिळविले आणि बिशप ऑकलंडने हौशी चषक. ओकॉनेलचा वाटा दोन्हींत होता. हॅरी शॅरॅट हा गोलरक्षक शाळामास्तर. चेंडू बराच वेळ आपल्याकडे फिरकत नाही असे पाहून त्याने गोलपाशी बर्फाचा माणूस उभारला, अशी आख्यायिका त्याच्याविषयी सांगतात. १९५६ च्या अंतिम सामन्यात समोर कॉरिंथियन-कॅज्युअल्स होते, सद्गृहस्थांच्या परंपरेचे वारस. त्यांच्या बाजूने एसेक्सचा क्रिकेटपटू डग इन्सोल खेळत होता. वेम्ब्लीवर १-१ अशी बरोबरी झाली. मिडल्सबरोच्या फेरसामन्यासाठी त्यांचा मिकी स्ट्यूअर्ट वेस्ट इंडीजमधील क्रिकेट दौऱ्यावरून विमानाने निघाला, पण पोहोचेपर्यंत खेळ सुरू झालेला होता आणि बदली खेळाडूचा नियम तेव्हा नव्हता. बिशप ऑकलंडने सामना ४-१ असा जिंकला. १९६४ साली मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवरील कसोटीत आजारी पडून ज्याला रुग्णालयात जावे लागले, तोच हा स्ट्यूअर्ट.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्यूनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू मृत्युमुखी पडले. संघ उभा करायला माणसे नव्हती. तेव्हा मदतीला धावले ते बिशप ऑकलंडचे बॉब हार्डिस्टी, डेरेक लुइन आणि वॉरन ब्रॅडली. युनायटेडचे मॅट बस्बी यांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या हौशी संघाचे मार्गदर्शन केले होते आणि हार्डिस्टी त्या संघात होता. ती ओळख येथे उपयोगी पडली. त्याच ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ प्रथमच उतरला होता. लंडनच्या पूर्वेकडील इलफर्ड या उपनगराच्या साध्या मैदानावर, बहुतेक खेळाडू अनवाणी, दोन पेनल्टी वाया घालवून तो फ्रान्सकडून २-१ असा हरला. हौशी फुटबॉल हेच तेव्हा ऑलिंपिकचे फुटबॉल होते. वॉरन ब्रॅडलीची कथा तर कोणत्याही शिक्षकाने लक्षात ठेवावी अशी आहे. युनायटेडच्या पहिल्या संघात त्याने स्थान मिळविले, १९५९ साली तो इंग्लंडकडून तीन सामने खेळला, त्यांत दोन गोल केले. आणि या सगळ्या काळात त्याने शाळेतली नोकरी सोडली नाही. पुढे तो मुख्याध्यापक झाला.

उतरण लागली ती दोन दिशांनी. पहिली दिशा खाणींची. १९५१ साली डरहॅमच्या परगणा कौन्सिलने विकासाची योजना आखली, तीत शंभरावर खाणींच्या गावांना 'ड' वर्गात टाकले. 'ड' वर्ग म्हणजे येथे नवी घरे नाहीत, नव्या सोयी नाहीत. खाण संपली की गावाने आपोआप संपावे. साठीच्या दशकात पश्चिम डरहॅममधील खाणी एकामागून एक बंद पडल्या आणि १९९३ च्या अखेरीस परगण्याच्या कोळशाच्या पट्ट्यातली शेवटची खाणही मिटली. गावाचे वेतन गेले, तरुण गेले, आणि शनिवारी मैदानाच्या कठड्याशी उभे राहणारे हजारो लोक शेकड्यांवर आले. घरोघरी आलेल्या दूरचित्रवाणीने उरलेले काम केले. पण सरकारी कागदावर जी गावे मरणपंथाला लागली होती, त्यांतल्या अनेकांचे फुटबॉल संघ मात्र जिवंत राहिले. मैदानाचे गवत कापणारा, तिकीट फाडणारा, चहा करणारी, सोडतीची तिकिटे विकणारा, अशा चार-सहा माणसांनी ते जगविले. यांच्यापैकी कोणालाही वेतन नव्हते. खरे हौशी शोधायचे तर ते या मंडळींतच सापडतील.

दुसरी दिशा नियमांची. १९७४ साली फुटबॉल असोसिएशनने हौशी आणि धंदेवाईक हा भेदच पुसून टाकला. सोंग संपले, हे चांगले झाले. तथापि त्या सोंगाबरोबर हौशी चषकही गेला. शेवटचा अंतिम सामना त्या वर्षी बिशप्स स्टॉर्टफर्ड आणि इलफर्ड यांच्यात झाला. हौशी आंतरराष्ट्रीय संघ गेला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये ब्रिटनचा पुरुष संघ त्यानंतर केवळ २०१२ साली, यजमान म्हणून, दिसला. नॉर्दर्न लीगच्या गावांना वेम्ब्लीचा जो राजमार्ग होता, तो एका ठरावाने बंद झाला. यापुढे सगळे संघ एकाच शिडीवर, आणि शिडीवर वरची पायरी पैशाची.

लीगच्या अंगी बळ उरले नव्हते, असे मात्र नाही. १९७७-७८ च्या एफ. ए. कपमध्ये ब्लाइथ स्पार्टन्स या नॉर्दर्न लीगच्या संघाने स्टोक सिटीला त्यांच्याच मैदानावर ३-२ असे हरवून पाचवी फेरी गाठली. रेक्सहॅमला शेवटच्या क्षणापर्यंत ते १-० असे पुढे होते. गोठलेल्या जमिनीत कोपऱ्याचे निशाण धड रोवले जात नव्हते. ते पडले म्हणून कॉर्नर किक पुन्हा घेतली गेली आणि तिच्यातून रेक्सहॅमने बरोबरी साधली. न्यूकॅसलला झालेल्या फेरसामन्यास बेचाळीस हजारांवर लोक होते. ब्लाइथ २-१ असे हरले. एक निशाण रोवले गेले असते, तर पुढची गाठ आर्सेनलशी होती.

याच सुमारास लीगने तो निर्णय घेतला, ज्याची फळे ती आजही भोगते आहे. उत्तरेत १९६८ साली नॉर्दर्न प्रीमियर लीग निघाली होती. १९७९ साली तिच्याही वर अलायन्स प्रीमियर लीग उभी राहिली. खालच्या लीगांनी या नव्या लीगांना आपले विजेते पुरवावेत आणि सर्वांचा मिळून एकच मनोरा व्हावा, अशी ती रचना होती. नॉर्दर्न लीगने तीत सामील होण्यास नकार दिला. काल जन्मलेल्या लीगचे आपण पुरवठादार व्हायचे, हे १८८९ सालच्या लीगला मानवले नाही. दुसरे कारण अधिक सबळ होते. वरच्या लीगमध्ये जायचे म्हणजे पेनाइन डोंगर ओलांडून लँकशर-चेशरपर्यंत प्रवास करायचा. दिवसा कामाला जाणारा खेळाडू आठवड्याच्या मधल्या रात्री तीनशे मैलांची ये-जा कशी करणार? शेजारच्या गावाशी सामना असला की प्रेक्षक पायी येतात. दूरच्या, कधी न ऐकलेल्या गावाशी असला की दोन्हीकडचे घरी बसतात.

हे खरे असले तरी निर्णय चुकला, असेच म्हणावे लागते. मनोरा लीगवाचून उभा राहिला. महत्त्वाकांक्षी संघ एकेक करून निघून गेले. १९८८ साली खुद्द बिशप ऑकलंडही गेले. अखेर १९९१ साली लीग मनोऱ्यात शिरली, तोवर वरचे मजले भरले होते. दक्षिणेकडील इस्थमियन लीगने मात्र 'सन्मान पुरेसा आहे' हे बोधवाक्य बाजूला ठेवून १९७३ सालीच एका सिगारेट कंपनीचे नाव कपाळी लावून घेतले आणि वेळेवर मनोऱ्यात जागा धरली. आज ती सातव्या थरावर आहे.

इस्थमियन लीगच्या विम्बल्डनने १९६३ साली हौशी चषक जिंकला होता. तोच संघ १९७७ साली फुटबॉल लीगमध्ये आला, १९८६ साली पहिल्या विभागात पोहोचला आणि १९८८ साली लिव्हरपूलला हरवून त्याने एफ. ए. कप जिंकला. बिशप ऑकलंडला हे का जमू नये, असा प्रश्न कोणी विचारील. पण विम्बल्डनची कथा तेथे संपत नाही. मोठेपणाला साजेसे मैदान मिळेना म्हणून संघाच्या चालकांनी तो २००३ साली उचलून मिल्टन कीन्स या पन्नास-साठ मैलांवरच्या नव्या शहरात नेला. ज्यांचा संघ गेला त्या प्रेक्षकांनी आदल्याच वर्षी स्वतःचा वेगळा संघ काढला होता. तो तळच्या एका प्रादेशिक लीगमधून पुन्हा खेळू लागला. बिशप ऑकलंडचेही जुने मैदान २००१ साली सुटले आणि नऊ वर्षे संघाला दुसऱ्यांच्या दारी खेळावे लागले. पण २०१० साली नवे मैदान झाले ते बिशप ऑकलंडमध्येच.

मनोऱ्यात खाली ढकललेल्या या लीगला एक सोय मात्र झाली. खालच्या थरांतील संघांसाठी असलेल्या एफ. ए. व्हाज या स्पर्धेत तिच्या तोडीचे कोणी उरले नाही. २००९ ते २०११ अशी सलग तीन वर्षे व्हिटली बे, २०१२ साली डन्स्टन, २०१३ साली स्पेनीमूर, पुढे २०१५ साली नॉर्थ शील्ड्स, २०१६ साली मॉर्पेथ, २०१७ साली साउथ शील्ड्स : नऊ वर्षांत आठ वेळा हा चषक एकाच लीगकडे आला. याचा अर्थ उघड आहे. इतके चांगले संघ त्या थरावर असायलाच नको होते. वर जाण्याचा हक्क असूनही अनेकांनी तो प्रवासखर्चाच्या भीतीने नाकारला होता. पुढे फुटबॉल असोसिएशनने ही मोकळीक आवळत आणली आणि विजेत्याला वर जाणे भाग पडू लागले. सक्तीने दिलेली बढती हा प्रकार कचेरीतल्या माणसांना नवा नाही; बदलीच्या गावी घरभाडे किती पडेल, याचा हिशेब ज्याचा त्यालाच करावा लागतो. टो लॉसारख्या हजार फूट उंचीवरच्या, वाऱ्याने झोडपलेल्या गावाला असा हिशेब कसा परवडेल? याच गावाने १९६७ साली एफ. ए. कपमध्ये मॅन्सफील्डला ५-१ असे हरविले होते, आणि येथूनच १९८० साली अवघ्या एक हजार पौंडांना न्यूकॅसलला गेलेला ख्रिस वॉडल दहा वर्षांनी इंग्लंडकडून विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात खेळला.

वर जाणाऱ्यांची शिडी म्हणून या लीगकडे पाहण्याची रीत आता रूढ झाली आहे. वरून पडणाऱ्यांचे काय होते, हे मात्र डार्लिंग्टनकडे पाहून कळते. लीगच्या स्थापनेच्या वेळचा हा संघ १९०८ साली धंदेवाईक होऊन बाहेर पडला आणि १९२१ पासून, मधले एक वर्ष सोडता, २०१० पर्यंत फुटबॉल लीगमध्ये खेळला. २००३ साली त्याच्या मालकाने पंचवीस हजार आसनांचे मैदान बांधले. तेथे येणारे प्रेक्षक बहुधा त्याच्या दशांशाने असत. कर्ज चढत गेले. २०१२ साली संघ मोडकळीस आला. लोकांनी भाग विकत घेऊन तो नव्याने उभा केला, तेव्हा फुटबॉल असोसिएशनने त्याला चार थर खाली, नॉर्दर्न लीगमध्ये, जागा दिली. प्रचंड मैदान हातचे गेले होते. घरचे सामने खेळण्यासाठी जागा दिली ती बिशप ऑकलंडने. २०१२-१३ च्या हंगामात डार्लिंग्टनने लीगचे विजेतेपद मिळविले आणि पुढच्या हंगामात तो संघ वर निघून गेला.